चेहऱ्यावरचे इवलेसे लाटणे

भगिनींनो, हल्ली तरुण मुलींच्या हाती एक इवलेसे लाटणे दिसते. मुठीच्या टोकाला गुळगुळीत दगडाची फिरती गुंडाळी असते. तिला रोलर म्हणतात. तो चेहऱ्यावर फिरविल्याने सुरकुत्या कायमच्या जातात, हा समज मात्र खरा नव्हे.

मग तो निरुपयोगीच काय? तसेही नाही. जपानी संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गालावर ५ मिनिटे रोलर फिरविल्यावर तेथील रक्तप्रवाह १० मिनिटांहून अधिक काळ वाढलेला आढळला. थंड दगडाने सकाळची सूजही थोडा वेळ ओसरते.

वापरावयाचाच तर चेहरा व रोलर दोन्ही स्वच्छ धुवावेत, दोन थेंब तेल लावावे आणि हलक्या हाताने नाकाकडून कानाकडे फिरवावा. मुरुमांवर वा जखमेवर तो फिरवू नये. एकीचा दुसरीने वापरू नये.

एक गोष्ट मात्र आयांनी ध्यानात ठेवावी. डोळ्यांभोवती रोजच सूज येत असेल, पायही सुजत असतील, तर तो मूत्रपिंडाच्या विकाराचा इशारा असू शकतो. अशी सूज लाटून दडवू नये. विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी.