पुस्तकवाले आणि पडदावाले

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दुपारी आमच्या घरी एक भांडण झाले. भांडणाचे कारण ओवाळणी नव्हते, वाटणी तर नव्हतेच. कारण होते एक तोडलेले झाड. आणि तेही ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने कल्पिलेल्या, भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात न सापडणाऱ्या गावातले. पाडव्यापासून आमच्या पुतणीने दिवाणखान्यात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट क्रमाने लावण्याचा सपाटा चालविला होता. नऊ तासांहून अधिक लांबीचा हा यज्ञ चकल्या-अनारशांच्या आहुतींवर दोन दिवस चालला. शेवटच्या भागाला घरची मंडळी, भाऊबिजेसाठी आलेले आमचे मेहुणे आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार असे सारे हजर होते. चित्रपट संपला, नावे वर सरकू लागली, मेहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि 'वा!' म्हटले. त्याच क्षणी पुतणी फणकाऱ्याने म्हणाली, "पण शेवट कुठे आहे? शेवट गाळलाय यांनी!"

"अगं, शेवट संपता संपत नव्हता!" मेहुणे म्हणाले. "संपला म्हणून मी तीनदा उठलो आणि तीनदा खाली बसलो!"

झाले! पक्ष पडले. या चित्रपटांवरून २००१ सालापासून जगभर जे दोन पक्ष पडलेले आहेत तेच आमच्या दिवाणखान्यात समोरासमोर बसले. एक पुस्तकवाल्यांचा आणि एक पडदावाल्यांचा. मी दोन्हीकडचा असल्यामुळे मला पंच नेमण्यात आले. पंचाला चहा मिळतो, न्याय कोणी ऐकत नाही, हा अनुभव जुनाच आहे.

ज्यांनी पुस्तक वाचले नाही आणि चित्रपटही पाहिला नाही, अशा वाचकांसाठी दोन शब्द. जे. आर. आर. टोल्कीन हा मनुष्य मुळात शब्दांचा. प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक. त्याने आधी भाषा रचल्या, त्यांची व्याकरणे बांधली, आणि मग त्या बोलायला कोणी तरी हवे म्हणून त्यांच्यासाठी लोक, देश आणि इतिहास निर्माण केला. आम्ही भाषेचे मास्तर जन्मभर दुसऱ्यांची व्याकरणे शिकवतो. म्हणून या गृहस्थाविषयी मला आदर आहे आणि थोडा हेवाही आहे. १९३७ साली त्याचे 'हॉबिट' निघाले. त्यापुढची ही मोठी कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. वास्तविक ती एकच कादंबरी. पण युद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन तुकडे केले. गोष्ट एका दुष्ट अंगठीची. ती जिच्यात घडली त्या डोंगराच्या आगीतच तिचा नाश व्हायचा. आणि तेथवर ती न्यायची कोणी, तर फ्रोडो नावाच्या हॉबिटाने. हॉबिट म्हणजे साडेतीन फुटी, अनवाणी हिंडणारा, दिवसातून पाच-सहा वेळा खाणारा, परसबागेवर जीव असलेला प्राणी. बरोबर त्याचा माळी सॅम. राजे, जादूगार, भुते यांच्या गर्दीत हा माळीच मला नेहमी खरा नायक वाटत आलेला आहे. या कथेचा मराठीतही अनुवाद झालेला आहे.

चित्रपट केले पीटर जॅक्सन याने, आपल्या न्यूझीलंड देशात. १९९९ च्या ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू झाले ते तिन्ही भागांचे एकदमच; आणि मग २००१, २००२, २००३ अशा तीन डिसेंबरांत एकेक भाग लोकांपुढे आला. तिसऱ्या भागाला अकरा नामांकने होती, आणि २००४ च्या सोहळ्यात अकराच्या अकरा ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. त्यापूर्वी 'बेन हर' आणि 'टायटॅनिक' एवढ्या दोघांनीच तो आकडा गाठला होता. पडदावाल्यांचा हा हुकमी एक्का. मेहुण्यांनी तो पहिल्या पाच मिनिटांतच टाकला.

पुस्तकवाल्यांची फिर्याद लांबलचक आहे. टॉम बॉम्बाडिल हा रानात गाणी म्हणत हिंडणारा अवलिया चित्रपटातून साफ गेला. (जॅक्सनचे म्हणणे, त्याच्यामुळे कथा पुढे सरकत नाही. हे खरेच आहे. पण जत्रेला जाताना वाटेतल्या ओढ्यात पाय बुडवून बसल्यानेही जत्रा जवळ येत नसते.) हेल्म्स डीपच्या किल्ल्याच्या मदतीला एल्फांची पलटण धावली; पुस्तकात तसे काही नाही. फ्रोडो अर्ध्या जिन्यावरून सॅमला घरी हाकलतो, तेही नाही. सर्वांत मोठा राग फारामिरावरून. पुस्तकातला हा तरुण सरदार अंगठी हाताशी असताना तिच्याकडे पाठ फिरवतो. चित्रपटात तो मोहात पडतो, फ्रोडोला ओढत आपल्या नगराकडे नेतो, आणि मग त्याला उपरती होते. पटकथाकारांनी आपले कारण सांगितले आहे: दोन भागभर जिच्या मोहाची दहशत आम्ही उभी करतो, तिला एकाने सहज नाकारले तर प्रेक्षकाला तिची भीती उरेल काय? कारण बिनतोड आहे. पण त्यात एक सज्जन माणूस बळी गेला, हे पुतणीचे दुःखही खोटे नाही. पडद्यावर मोह दाखवता येतो. मोह न होणे कसे दाखवावे, हे अजून कोणाला नीटसे साधलेले नाही.

या बाबतीत आपण मराठी माणसांनी फार सोवळे असू नये, असे मला वाटते. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. तरी तिच्यावाचून रामकथा सांगितली तर आपल्याच आजीबाई कीर्तनातून उठून जातील. मोरोपंतांनी तर शंभरावर रामायणे रचली असे म्हणतात, आणि प्रत्येकाची घडण निराळी. मूळ संहितेशी इमान राखणे ही आपली जुनी खोड नव्हे. मी हे म्हणताच पुतणीने मला गप्प केले. "काका, मोरोपंतांचं रामायण ऐकून वाल्मीकींचं कोणी विसरलं नाही. माझं तसं झालंय. पंधराव्या वर्षी पुस्तक वाचलं तेव्हा माझ्या मनात एक गॉलम होता. कसा होता ते आता आठवतच नाही. डोळे मिटले की या चित्रपटातलाच दिसतो."

या बोलण्याला मेहुण्यांकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. अँडी सर्किस या नटाने उभा केलेला गॉलम विलक्षण आहे, आणि तो विलक्षण आहे हीच तर अडचण आहे. वाईट चित्रपट पुस्तकाला धक्का लावत नाही. आपण हसतो आणि विसरतो. चांगला चित्रपट मात्र मनात पाहुणा म्हणून येतो आणि मालक होऊन बसतो.

खुद्द टोल्कीनला काय वाटले असते? तो १९७३ साली वारला; पण एक मासला मिळतो. १९५७-५८ च्या सुमारास काही अमेरिकन मंडळींनी चित्रपटाचा आराखडा त्याच्याकडे धाडला. प्रकाशकाशी त्याचे आधीच ठरले होते: एक तर भरपूर पैसा मिळावा, नाही तर कथेवर आपला अधिकार राहावा. वेचून निवडून संक्षेप केला तर त्याची ना नव्हती. सगळेच दाबून कोंबले म्हणजे मात्र गोंधळ होतो, असे त्याने लिहिले. त्या आराखड्यावरचे त्याचे शेरे पाहिले की लाल शाईची दौत पालथी झाल्यासारखे वाटते. आमच्या व्यवसायातले दुसरे कोणी तपासले असते तर याहून निराळे तपासले नसते. पुढे १९६९ साली त्याने चित्रपटाचे हक्क विकले ते विकलेच. त्याचा मुलगा ख्रिस्तोफर मात्र शेवटपर्यंत निवळला नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या तळावर, त्याला बापाकडून या कादंबरीची प्रकरणे टपालाने येत. कादंबरीतले नकाशे त्याने काढले. बापामागे त्याची राहिलेली लिखाणे संपादण्यात त्याचे आयुष्य गेले. २०१२ साली एका फ्रेंच वृत्तपत्राशी बोलताना तो म्हणाला, की या लोकांनी पुस्तकाचा कोथळा काढून त्याचा पोरासोरांसाठी मारामारीचा चित्रपट केला. २०२० साली तो गेला. त्याचे बोलणे अतिशयोक्त असेल. पण बापाने धाडलेले प्रकरण ज्याने छावणीत वाचले आहे, त्याला तेवढा अधिकार मी देतो.

आता त्या झाडाकडे वळतो. भांडण त्याच्यावरून होते.

पुस्तकात अंगठी जळते, राज्याभिषेक होतो, आणि चौघे हॉबिट आपल्या गावी, शायरला परततात. वेशीवर फाटक लागलेले असते. भिंतीवर नियमांच्या पाट्या. रस्त्याकडेची झाडे तोडलेली, जुन्या चक्कीच्या जागी धूर ओकणारी नवी गिरणी, आणि ज्याच्याखाली गावची मेजवानी व्हायची ते मोठे झाड आडवे पडलेले. ज्याने सारे रान पार केले तो सॅम ते पाहून रडू लागतो. हरलेला जादूगार सारुमान सूड म्हणून तेथे येऊन बसलेला असतो. या चौघांना आपल्याच गावात पुन्हा लढावे लागते. एकोणीस हॉबिट त्यात मरतात. हे सारे प्रकरण चित्रपटात नाही. पहिल्या भागात मंतरलेल्या पाण्यात फ्रोडोला जळणारे शायर ओझरते दिसते, तेवढेच. मौज अशी, की १९५८ च्या त्या आराखड्यातही हा शेवट गाळलेलाच होता. आणि टोल्कीनने शेरा मारला होता, की शेवट नसेल तर सारुमानला मारण्याचेही काही कारण नाही. जॅक्सनने तिसरा भाग चित्रपटगृहात आणताना सारुमानचे दृश्यच काढून टाकले. ते पुढे लांबवलेल्या आवृत्तीत आले. ती भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली प्रत्यक्ष टोल्कीनला भेटलेले गृहस्थ. ते रागावले ते साहजिकच.

"डोंगर फुटला, राक्षस मेला, त्यानंतर गावकीचं भांडण कोण बघणार?" मेहुणे म्हणाले. बोलणे चुकीचे नव्हते. प्रेक्षकाचा श्वास एकदाच अडकवता येतो. परंतु टोल्कीनने हे प्रकरण प्रारंभापासून योजलेले होते, तसे त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. १९१६ साली तो सोमच्या खंदकांत होता, आणि १९१८ पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता. त्याचे लहानपण ज्या मुलखात गेले तो तर त्याच्या वयाची दहा वर्षे होण्यापूर्वीच उजाड होऊ लागला होता. लढाई दूर होते आणि घर जसेच्या तसे वाट पाहत राहते, यावर त्याचा विश्वास कसा बसावा? मी पंच असूनही पुतणीच्या बाजूने निकाल देण्याच्या बेतात होतो.

तेव्हा सुभेदार बोलले. दोन दिवसांत ते फारसे बोललेच नव्हते. "ते चौघं खानावळीत बसतात ना शेवटी, ते बरोबर आहे," ते म्हणाले.

चित्रपटात शायरला काही झालेले नसते. चौघे येतात, गर्दीत पेले घेऊन बसतात. लोक कोणाच्या तरी भल्या थोरल्या भोपळ्याचे कौतुक करण्यात दंग. यांच्याकडे कोणी पाहतही नाही. चौघे एकमेकांकडे पाहतात, मुकाट्याने पेल्याला पेला लावतात आणि पितात.

"एकाहत्तरला आम्ही पूर्वेच्या आघाडीवर होतो," सुभेदार म्हणाले. "रजेवर घरी आलो ते बहात्तरच्या दिवाळीत. एस.टी.तून उतरलो. पारावर चार जण बसले होते. म्हटलं, आता हे विचारणार. एकानं विचारलं, 'कधी आलास? तिकडं पाऊस हाय का?' बस्स. त्यांचं तरी काय चुकलं? बहात्तरचा दुष्काळ तो."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. मेहुण्यांना आपली बाजू जिंकली असे वाटले असावे, पण त्यांनी ते दाखवले नाही. थोड्या वेळाने सुभेदारच पुतणीला म्हणाले, "तुझ्या पुस्तकात काय आहे म्हणालीस, बाळ? ते सांग बघू."

तिने आतून पुस्तक आणले आणि इंग्रजी पाने समोर धरून ते प्रकरण मराठीत सांगितले. पाऊण तास लागला. फाटक, पाट्या, गिरणी, सारे झाले. झाडाशी आली तेव्हा सुभेदारांनी तिला हाताने थांबवले.

"आमच्या बांधावर आंबा होता," ते म्हणाले. "आज्यानं लावलेला. आबांनी पत्रात कधी लिहिलं नाही. दर पत्रात 'इकडील सर्व कुशल'. घरी गेलो तर आंबा नाही. बैलांच्या कडब्यापायी लाकूडवाल्याला दिलेला. आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. मी बुंध्यावर बसून राहिलो ते येईपर्यंत."

पुतणीने पुस्तक मिटले. चहा आला. पंचाचा निकाल कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तर मला देता आला नसता.

जाताना सुभेदार दारात थांबले. "त्या तिथं दुसरं झाड लावलं का नाही कोणी?"

"लावलं, आजोबा. सॅमनं. त्याला एक बी भेट मिळालेलं असतं, ते त्यानं त्याच जागी पेरलं."

"आलं?"

"पुढच्याच वसंतात उगवलं."

"लवकर आलं," सुभेदार म्हणाले. "आंब्याला कोयीपासून फळ धरायला सात-आठ वर्षं जातात." आणि जिन्याच्या कठड्याला धरून ते सावकाश खाली उतरले.