उतारा हाताशी नसेल तर सुई नको

लग्नसराई आली की ओठ आणि गाल भरून देण्याच्या जाहिराती आमच्या झरी गावातल्या मोबाइलवरही येतात. या आठवड्यात अशीच एक पाहिली. पार्लरचा पत्ता होता, सवलतीचा दर होता, ‘कसलाही त्रास नाही’ अशी हमी होती. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मात्र नव्हता. पक्क्या पावतीसाठी मी या सदरात किती वेळा भांडलो, ते वाचकांना ठाऊक आहे. आज प्रश्न डोळ्यांचा आहे, म्हणून पुन्हा भांडतो.

आपल्या कृषी सेवा केंद्रात फवारणीच्या औषधाची बाटली हातात घ्या. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण ते किती विषारी आहे ते सांगतो. बॅच नंबर असतो, विषबाधेवरचा उतारा छापलेला असतो, विकणाऱ्याला परवाना लागतो. एवढं असूनही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. छापलेला उतारा वेळेवर हाताशी नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

ओठ-गाल भरायला सुईने टोचतात त्या फिलरचंही तेच. बहुतेक फिलर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं. नाकावर किंवा दोन भुवयांच्या मध्ये टोचताना ते धमनीत शिरलं तर रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरी पडते, जोरात दुखतं, पुढे तो भाग सडू शकतो. जेल डोळ्याच्या धमनीत पोचलं तर दृष्टी कायमची जाऊ शकते. जाणता डॉक्टर धमन्यांच्या जागा ओळखतो, जोखमीच्या ठिकाणी बोथट टोकाची कॅन्युला वापरतो, थोडं थोडं आणि सावकाश सोडतो, कातडीच्या रंगावर नजर ठेवतो. तरीही चूक होऊ शकते. म्हणून हे जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेज टेबलावर तयार हवं. ते दुर्मिळ नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भूल नीट पसरावी म्हणून डोळ्यांचे डॉक्टर ते वापरतात. मात्र कॅल्शियमच्या फिलरवर ते चालत नाही. आत नेमकं काय टोचलं हे कळायला खोक्यावरचं नाव आणि बॅच नंबर लागतो. माझा पावतीचा हट्ट त्यासाठीच आहे.

कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे अशा उपचारांचं प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावलं आहे. तरी पार्लरमध्ये सुया चालतात आणि कोणी तपासत नाही. कीटकनाशकाच्या दुकानात निरीक्षक जातो, तसा इथेही गेला पाहिजे.

लेकीबाळींनो, सुईआधी तीन गोष्टी विचारा: टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का, खोकं माझ्यासमोर फोडणार का, उतारा कुठे ठेवला आहे? एकाचंही उत्तर मिळालं नाही तर उठून या. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, असह्य दुखलं किंवा अंधुक दिसलं, तर ‘उद्या उतरेल’ यावर विश्वास ठेवू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.