कॅसेट टाकू नका, आधी ताट बघा!

मैत्रिणींनो, अकोल्याच्या एका भगिनीनं विचारलंय, ‘‘१९८८ साली नणंदेच्या मुलाचं बारसं अमेरिकेत झालं. सासूबाई तिकडे गेल्या होत्या. पाळणा म्हणताना त्या व्हिडिओ कॅसेटमध्ये दिसतात. आता त्या नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. मागे कॅसेटवरून डीव्हीडी करून घेतली, पण माणसं बुटकी-जाडी दिसतात, चालताना अडखळतात. घरचे म्हणतात, कॅसेटच बिघडली, टाकून दे.’’

टाकू मात्र नका हो! दोष बहुधा नकलेत आहे.

असं बघा, टीव्हीची जुनी अमेरिकन पद्धत एनटीएससी आणि आपली पॅल. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पॅलमध्येच. तिकडे सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं, आपल्याकडे २५. तिकडे ५२५ ओळी, इकडे ६२५. त्यामुळे नुसत्या पॅलच्या व्हीसीआरमध्ये तिकडची कॅसेट घातली की चित्र वरखाली पळायचं, रंग जायचा. मग ती पॅलमध्ये बदलून घ्यावी लागे. आता ३० पोळ्या २५ ताटांत एकेक वाढायच्या म्हटलं तर काय होणार? पाच बाजूला काढायच्या, नाहीतर काही एकमेकींवर चिकटवायच्या. चित्रं गाळली की माणूस अडखळत चालतो, चिकटवली की हलत्या हातामागे सावली राहते. गाळलेली चित्रं डीव्हीडीतून परत मिळत नाहीत, ती फक्त मूळ कॅसेटमध्येच आहेत. म्हणून ती जपायची.

बुटक्या-जाड्या माणसांचं मात्र घरच्या घरी जमतं. बारशाच्या चित्रात एखादं ताट किंवा परात शोधा. ती आडवी, अंड्यासारखी दिसली तर रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्यात, जुनं चित्र तेवढंच रुंद असतं.

हात हलले की कडेला कंगव्यासारखे दात दिसतात का? जुन्या पद्धतीत एकाआड एक ओळी दोन खेपांत यायच्या, आणि दोन्ही खेपा एकदम दाखवल्या की हे दात उमटतात. फोनवर दिसले पण टीव्हीवर नाही, तर घाबरू नका. टीव्ही त्या ओळी नीट जुळवून घेतो. टीव्हीवरही दिसले, किंवा माणसं पुढे-मागे थरथरली, तर काम परत करून मागा. कुंकू जांभळं नि चेहरे हिरवट असतील तर रंगाची छटा बरीचशी सुधारता येते. आणि अगदी तळाशी फाटल्यासारखी पट्टी दिसते ना, ती व्हीएचएस कॅसेटला असतेच. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची, इतकंच.

आता नव्यानं काम देताना पहिला प्रश्न, ‘‘एनटीएससी चालवणारा व्हीसीआर आहे का?’’ मग सांगायचं, ‘‘पॅलमध्ये बदलू नका. आहे त्याच गतीनं फाइल करून पेन ड्राइव्हवर द्या.’’ दुकानदार म्हणेल, ‘‘ताई, इंडियात पॅलच लागतं.’’ एके काळी लागायचं. आजचे बहुतेक टीव्ही दोन्ही दाखवतात. ठाम राहा, आणि आधी पाचच मिनिटांचा भाग करून घेऊन घरी बघा. नमुना पटला की पुढचं. पण फार रेंगाळू नका. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून सगळा कारभार जुन्या यंत्रांवरच चाललाय.

आपल्या अमरावती-अकोल्याचा उन्हाळा तुम्हांला मी काय सांगू! त्यात कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आणि वर पावसाळ्याची ओल. तेव्हा दुकानात जाण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घरी लावून बघू नका. फीत तुटू शकते, शिवाय बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. दुकानात देतानाच सांगा, ‘‘आधी साफ करा, मगच लावा.’’