समतेचा कागद आणि त्यावरची तारीख

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना एक सवय आवर्जून लावतो. कोणताही दस्तऐवज हाती आला की मजकूर वाचण्यापूर्वी त्यावरची तारीख पाहावी. तो कोणी लिहिला आणि कोणाला विचारून लिहिला, हे शोधावे. ही सवय परीक्षेपुरती नाही. सत्तेचे कागद वाचतानाही तीच कामी येते. आपल्या निर्णयांचा समतेवर आणि मानवी हक्कांवर काय परिणाम होईल, हे पोलीस दल कसे तपासते आणि त्या तपासणीची तपासणी कोणी करावी, या प्रश्नाकडे आम्ही म्हणूनच इतिहासाच्या शिक्षकाच्या नजरेने पाहतो.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न एका खुनातून पुढे आला. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून ठार केले. तपासात पोलिसांनी अक्षम्य ढिलाई केली. आई-वडिलांच्या चिवट लढ्यानंतर चौकशी नेमली गेली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये सर विल्यम मॅकफर्सन यांच्या अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद असल्याचा निष्कर्ष काढला. एखादा अधिकारी दुष्ट असलाच पाहिजे असे नाही. यंत्रणेच्या नित्याच्या रीतीतूनच अन्याय घडतो, हा त्याचा अर्थ. आपल्या समाजाला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे २००० साली कायदा दुरुस्त होऊन वंशसमतेचे कर्तव्य पोलिसांसह सार्वजनिक यंत्रणांवर आले. २०१० च्या समता कायद्याच्या कलम १४९ ने लिंग, धर्म, अपंगत्व, वय आदी बाबीही त्याच कर्तव्यात आणल्या. भेदभाव दूर करणे, संधीची समानता वाढविणे आणि समाजगटांत सलोखा राखणे यांचा यथोचित विचार प्रत्येक निर्णयात व्हावा, असे हे बंधन आहे. या विचाराची नोंद म्हणून यंत्रणा समता-परिणामांचे मूल्यांकन लिहून ठेवतात.

कायदा उत्तमच आहे; परंतु कागद भरणे सोपे असते. स्कॉटलंडच्या पोलिसांनी २०१६ मध्ये एडिंबरा आणि स्टर्लिंग येथे मोबाइलमधील मजकूर पाहणाऱ्या यंत्रांची चाचणी घेतली. त्या देशाच्या संसदेच्या समितीने २०१९ मध्ये याची छाननी केली, तेव्हा चाचणीपूर्वी समतेवरील वा मानवी हक्कांवरील परिणामांचे मूल्यांकन झालेच नव्हते असे दिसून आले. लोकांच्या खाजगी आयुष्यात डोकावणारे यंत्र आधी आले. विचार मागाहून आला.

वेल्समधील उदाहरण अधिक बोधप्रद आहे. साउथ वेल्स पोलिसांनी रस्त्यांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले. कार्डिफच्या एड ब्रिजेस या नागरिकाने त्यांना न्यायालयात आव्हान दिले. येथे मूल्यांकनाचा कागद होता. तरीही ११ ऑगस्ट २०२० रोजी अपील न्यायालयाने पोलिसांनी समतेचे कर्तव्य पाळले नाही असा निर्णय दिला. यंत्र पक्षपाती आहे हे सिद्ध झाले, असे न्यायालयाने म्हटले नाही. वंश वा लिंग यांबाबत ते पक्षपाती नाही ना, याची पोलिसांनी स्वतः खातरजमाच केली नाही, हा ठपका होता. उत्पादक कंपनी व्यापारी गुपित म्हणून माहिती देत नाही, ही सबबही चालली नाही. हे कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही.

या दोन प्रकरणांतून परीक्षकाचे काम स्पष्ट होते. मूल्यांकन निर्णयापूर्वीचे आहे की निर्णयानंतरचे? त्यातील ‘परिणाम नाही’ या शेऱ्यामागे पुरावा आहे की केवळ सही? ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना कोणी विचारले का? निर्णयानंतर लिहिलेले मूल्यांकन ही परीक्षा नसते. ते आपणच आपल्याला दिलेले प्रशस्तिपत्र असते.

वाचक विचारतील, विलायतेतील या गोष्टी येथे कशाला? याच ब्रिटिश सत्तेने १८७१ मध्ये येथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसांची नावे पोलिसांच्या यादीत चढविली. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण त्याच यादीतून उभे राहिले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशयाची सवय मात्र गेली नाही. आज आपल्या देशातील पोलीस दलेही चेहरा ओळखणारी यंत्रे वापरू लागली आहेत. यादीत कोणाचे चेहरे असतील, हे यंत्र चालू होण्यापूर्वी विचारण्यास भाग पाडणारा ब्रिटनसारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तो असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर जे हाती आहे ते आपण वापरतो काय? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व संनियंत्रण समितीची तीन महिन्यांतून किमान एकदा, तर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची वर्षातून किमान दोनदा बैठक व्हावयास हवी. खटल्यांचा, पुनर्वसनाचा आणि अधिकाऱ्यांच्या भूमिकेचा आढावा घेणे हे या समित्यांचे काम. जिल्हा समितीत आपल्या समाजातील अशासकीय सदस्यांनाही स्थान आहे. म्हणजे परीक्षकाची खुर्ची कायद्याने आपल्यालाही दिली आहे; तेथे बसून केवळ चहा घेऊन परतणे हा त्या खुर्चीचा अवमान होय.

आमचे काही माजी विद्यार्थी आज खाकी गणवेशात आहेत. कामाच्या ओझ्यात हा आणखी एक कागद, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगू की प्रामाणिक परीक्षण चांगल्या अधिकाऱ्याचे रक्षणच करते. चूक घडण्याआधी ती दाखविणारा परीक्षक शत्रू नसतो. संविधानिक नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. पोलीस ठाणे हे ती जोपासण्याचे पहिले ठिकाण असले पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एकच मागणे आहे. आपापल्या जिल्ह्यातील समितीच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागवा आणि सर्वप्रथम त्यांवरील तारखा वाचा. चार बैठकांच्या चार तारखा सापडल्या, तर मजकूर वाचायला घ्या. सापडल्या नाहीत, तर पुढचा अर्ज त्याच दिवशी लिहा.