पोराचे सांधे पुन्हा पुन्हा दुखतात तेव्हा

रोवणीचे दिवस आले की भंडारा जिल्ह्यात अंगदुखी घरोघरी असते. दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईची कंबर धरते, नांगर-चिखलणी करणाऱ्याचे गुडघे बोलू लागतात. अशा घरातले आठ-नऊ वर्षांचे पोर रात्री पाय धरून रडले, तर त्याचेही दुखणे त्याच खात्यात जमा होते. भिजला असेल, पडला असेल, वात असेल. तेल चोळले जाते, औषधाच्या दुकानातून गोळी येते, चार-सहा दिवसांत पोर पुन्हा खेळायला लागते आणि विषय संपतो. महिना-दोन महिन्यांनी दुखणे परत येते, कधी गुडघ्यात, कधी कोपरात, कधी पाठीत.

वाढीच्या वयात पाय दुखतात हे खोटे नाही. पण ते दुखणे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री येते, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत असते आणि सकाळी मूल ठणठणीत असते. सूज, ताप, लंगडणे, सांधा हलवता न येणे, चेहऱ्याचा फिकेपणा किंवा डोळ्यांचा पिवळेपणा यांतले काहीही सोबत असेल, तर ते वाढीचे दुखणे म्हणून सोडून देता येत नाही. विदर्भात अशा वेळी पहिला प्रश्न एकच असायला हवा: या मुलाची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. म्हणजे हा आजार पूर्व विदर्भाला नवा नाही, त्याची माहितीही नवी नाही. लाल पेशींतले हिमोग्लोबिन सदोष असते. ऑक्सिजन कमी पडला की ते घट्ट होते, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या हाडाला रक्त पोहोचत नाही. दुखते ते हे. थंड पाण्यात राहणे, पाणी कमी पिणे, ताप, अति श्रम यांनी दुखणे उफाळते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या हातापायांचे पंजे सुजतात, ती अनेकदा याच आजाराची पहिली खूण असते. जंगल-तलावांच्या मुलखात तो अधिक का, यालाही कारण आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष घेतलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यान् पिढ्या तो टिकून राहिला. तो अमुकच जातीचा आजार आहे, ही समजूत चुकीची आहे आणि घातकही. तिच्यामुळे उरलेल्यांची मुले तपासणीविना राहतात.

तपासणीतही एक मोठी गफलत होते. शिबिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सदोष हिमोग्लोबिन आहे, एवढेच सांगते. मूल वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. अनेक घरे ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर थांबतात. हा फरक साधा नाही. वाहकाला सहसा त्रास नसतो. तेव्हा वाहक मुलाचे सांधे दुखत असतील, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे. उलट जे मूल रुग्ण आहे, त्याला वाहक समजून घरी पाठवले, तर त्याची कित्येक वर्षे फुकट जातात.

दुसरीकडे म्हणजे कुठे? घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि सूज एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरू लागली, तर संधिवाताच्या तापाचा संशय घ्यावा. सांधे पुढे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. ते टाळण्यासाठी ठरावीक अंतराने पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. सकाळी आखडलेला सांधा सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेला राहिला, तर तो बालसंधिवात असू शकतो. एकच सांधा लाल, गरम आणि सोबत जोराचा ताप असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सिकलसेल ठरला तर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासत नियमित घेतली, तर दुखण्याचे झटके कमी होतात. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकल लस जंतुसंसर्गापासून जपते. ही लस आता सरकारी लसीकरणात आहे. ताप चढला, धाप लागली, पोट एकाएकी फुगून मूल पांढरे पडले किंवा हातपाय लुळा पडला, तर थेट रुग्णालय गाठावे. रक्त कमी म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. इथे रक्त लोहाअभावी कमी झालेले नसते. ‘वातावरचे खास इंजेक्शन’ तर नकोच. त्यात स्टेरॉइड असले, तर उतरलेले दुखणे आणखी जोराने उलटू शकते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आकडे मोठे आहेत. पण किती नमुने घेतले यावर कार्यक्रमाचे यश मोजण्यापेक्षा किती मुलांच्या हाती पक्क्या निदानाचा कागद आला आणि किती जण सहा महिन्यांनंतरही गोळी घेत आहेत, हे मोजायला हवे. रोज घ्यायच्या गोळीसाठी लाखांदूर किंवा तुमसरच्या टोकाच्या गावातल्या मजुराला दर महिन्याला रोजी बुडवून भंडारा, नागपूर करायला लावणे म्हणजे ती गोळी बंद पाडणेच आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी.

काही घरे मुलीचा कागद दडवून ठेवतात. लग्न अडेल ही भीती असते, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. वास्तविक अडचण दोन्ही वाहकांच्या जोडीत आहे. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा मुलाकडच्यांनीही आपला कागद दाखवावा, तो फक्त मुलीकडून मागू नये. शाळेत तर हा कागद कामाचाच असतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे जादा मिळतात. आणि वर्गात अशा मुलाने पुन्हा पुन्हा पाणी प्यायला किंवा लघवीला जायची परवानगी मागितली, तर ती नाकारायची नाही, हे गुरुजींना पालकांनी जूनमध्येच सांगून ठेवावे.