लहान देशाचा उंच खेळ

वर्तमानपत्रातील खेळांचे पान वाचताना आपल्यापैकी बहुतेकांची नजर क्रिकेटच्या रकान्यापुढे सहसा सरकत नाही. बास्केटबॉल हा आपल्या लेखी शाळेतला खेळ. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, त्यांवर दोन फळ्या, जाळी बहुधा फाटलेली. आंतरशालेय सामने जवळ आले की चार दिवस तेथे वर्दळ, एरवी त्या खांबांना मुलांच्या सायकली टेकलेल्या. परंतु याच खेळाच्या आधाराने एका चिमुकल्या राष्ट्राने पारतंत्र्यात आपला ताठ कणा राखला, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर उद्भवलेल्या एका नव्या पेचाला तोंड देतानाही त्याला हाच खेळ उपयोगी पडला, असे म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. ते राष्ट्र म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचे लिथुआनिया, आणि या महिन्याच्या सदराचा नायक आहे तेथील काउनास शहराचा 'झाल्गिरिस' हा क्लब.

लिथुआनियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे एक पंचमांश. लोकसंख्या तीस लाखांच्या आत. म्हणजे एकट्या हैदराबाद शहराच्या निम्मीही नाही. दोन महायुद्धांमधल्या काळात हा देश स्वतंत्र होता. त्याची ऐतिहासिक राजधानी विल्निअस तेव्हा पोलंडच्या ताब्यात असल्याने काउनास हीच तात्पुरती राजधानी होती. त्याच काळात, १९३७ साली, या देशाने युरोपचे बास्केटबॉल अजिंक्यपद मिळवले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिथुआनियन कुटुंबांतील काही तरुण त्यासाठी आईबापांच्या देशात आले होते. पुढची स्पर्धा १९३९ साली काउनासमध्येच भरली. तिच्यासाठी एक नवे क्रीडागृह उभारण्यात आले आणि लिथुआनियाने अजिंक्यपद राखले. पुढच्याच वर्षी, १९४० साली, सोव्हिएत फौजा देशात शिरल्या आणि लिथुआनिया हे नाव स्वतंत्र राष्ट्रांच्या यादीतून पुसले गेले. क्रीडागृह मात्र उभे राहिले.

झाल्गिरिस क्लबाची स्थापना १९४४ सालची. त्याच्या नावाची कथा भाषेच्या अभ्यासकाला मोह पाडील अशी आहे. १४१० साली पोलंड आणि लिथुआनिया यांच्या संयुक्त सैन्याने जर्मन ट्यूटॉनिक सरदारांचा जेथे निर्णायक पराभव केला, त्या रणभूमीचे हे लिथुआनियन नाव. जर्मनांच्या पराभवाची आठवण देणारे नाव सोव्हिएत सत्तेला खुपण्याचे कारण नव्हते. आणि लिथुआनियन माणसाला त्यात आपल्या गतवैभवाची आठवण होती. या नावाचा अर्थ 'हिरवे वन'. लिथुआनियन भाषा संस्कृतची दूरची बहीण. आपला 'अग्नि' तेथे 'उग्निस' होतो, 'सूनु' तेथे 'सूनुस', 'धूम' तेथे 'दूमाइ'. त्याच न्यायाने 'झाल्गिरिस'मधील पूर्वपद आपल्या 'हरि' किंवा 'हरित' या शब्दांच्या कुळातले आहे आणि उत्तरपद आपल्या 'गिरि'चे सगोत्र. आपल्याकडे ज्या शब्दाचा डोंगर झाला, त्याचे तेथे अरण्य झाले. ही भाषा रोमन लिपीत छापण्यास झारच्या राजवटीने १८६४ पासून १९०४ पर्यंत बंदी केली होती. त्या चाळीस वर्षांत लोकांनी सरहद्दीपलीकडून चोरून पुस्तके आणली. ज्या लोकांनी पुस्तके अशी जपली, त्यांना नावाचे मोल सांगावे लागत नाही.

झाल्गिरिसने १९४७ आणि १९५१ साली सोव्हिएत संघाचे अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर चौतीस वर्षे ते त्याच्या हाती लागले नाही. बहुतेक वर्षी ते मॉस्कोच्या लष्करी क्लबाकडे जाई. त्या क्लबाच्या पाठीशी सैन्याची सत्ता होती. सक्तीच्या लष्करी सेवेच्या निमित्ताने देशभरातील चांगले खेळाडू त्याला ओढून घेता येत. काउनासकडे काय होते? आपल्याच गल्ल्यांतून वाढलेली मुले. त्यांतला एक १९६४ साली जन्मलेला अर्विदास साबोनिस. उंची सात फूट तीन इंच. पण त्या उंचीला शोभणार नाही अशी हातांची चपळाई आणि सोबत्याला नेमक्या क्षणी चेंडू देण्याची दृष्टी. त्याच्या जोडीला वाल्देमारास खोमिचुस, रिमास कुर्तिनाइतिस हे साथीदार आणि व्लादास गारास्तास हे प्रशिक्षक. या संघाने १९८५, १९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ तीन वर्षे मॉस्कोच्या लष्करी क्लबाला नमवून अजिंक्यपद काउनासला आणले. रस्त्यावर जे बोलणे धोक्याचे होते, ते क्रीडागृहात हजारोंच्या कंठातून बाहेर पडत असे. संघाला प्रोत्साहन देणे हा काही गुन्हा ठरू शकत नव्हता.

सेऊलच्या १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने बास्केटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. त्या विजयाचे चार आधारस्तंभ लिथुआनियन होते : साबोनिस, खोमिचुस, कुर्तिनाइतिस आणि विल्निअसच्या क्लबातून आलेला शारूनास मार्चुल्योनिस. पदक मात्र दुसऱ्याच ध्वजाखाली नोंदले गेले. पुढे ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य घोषित केले. १९९२ साली बार्सेलोनात हेच चौघे आपल्या स्वतःच्या ध्वजाखाली उतरले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाला त्यांनी ८२-७८ असे हरवले. सुवर्णाहून कांस्य प्रिय वाटावे असा प्रसंग क्रीडेच्या इतिहासात विरळाच.

येथवरची कथा एखाद्या वीरकाव्यासारखी आहे, आणि वीरकाव्ये बहुधा येथेच संपतात. विचार करण्यासारखे जे आहे, ते यापुढेच.

पारतंत्र्यात क्लबाचा शत्रू डोळ्यांपुढे उभा होता. स्वातंत्र्याबरोबर आली बाजारपेठ, आणि ती तर शत्रू नव्हे. साबोनिस १९८९ साली स्पेनमधील व्हायादोलिदच्या क्लबात गेला, तेथून माद्रिदला आणि १९९५ साली अमेरिकेतील पोर्टलंडला. मार्चुल्योनिसनेही १९८९ सालीच अमेरिका गाठली. त्यांना दोष कोण देणार? खेळाडूचे आयुष्य ते केवढे; आणि ज्या दाराला वर्षानुवर्षे कुलूप होते ते उघडल्यावर कोण आत बसून राहील? खेळाडूच कशाला, साऱ्या देशाचीच ती गत झाली. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे सदतीस लाख असलेली लोकसंख्या आता एकोणतीस लाखांच्या आसपास आली आहे. जन्मदर घटला हे त्याचे एक कारण, आणि २००४ साली युरोपीय संघात प्रवेश झाल्यावर पश्चिमेकडे वाहू लागलेला तरुणांचा ओघ हे दुसरे. सत्तेने जे साधले नाही, ते वेतनाच्या आकड्यांनी सहज साधावे, असा हा पेच.

मार्चुल्योनिसने यावर एक उत्तर शोधले. त्याच्या पुढाकाराने १९९३ साली लिथुआनियाची स्वतःची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. खेळाडूला घरी राहूनही पोट भरता यावे, निदान पहिली काही वर्षे त्याने आपल्या लोकांपुढे खेळावे, ही त्यामागची दृष्टी. झाल्गिरिसने आणखी एक पाऊल पुढे टाकले. प्रशिक्षक योनास काझलाउस्कास यांच्या हाताखाली त्याने १९९९ साली म्युनिक येथे इटलीच्या बोलोन्या शहरातील बलाढ्य क्लबाला ८२-७४ असे नमवून युरोपचे क्लब अजिंक्यपद जिंकले. त्या संघाचा सूत्रधार टायस एडनी हा बुटका अमेरिकन खेळाडू होता. आपले तरुण बाहेर जातात तसे बाहेरचे गुणीजनही आपल्याकडे आणता येतात, हे काउनास शिकले होते.

तथापि व्यावसायिक खेळात यशाची किंमत यशस्वी माणसालाच मोजावी लागते. खेळाडू चमकला की श्रीमंत क्लबांचे दूत दारी येतात. करार मुदतीआधी मोडला तर भरपाई मिळते, पण भरपाईची रक्कम मैदानात धावत नाही. क्लबाचा तोल मग कोणा धनिकाच्या खांद्यावर जाऊन पडतो. झाल्गिरिसचेही तसेच झाले. क्लबाची मालकी एका बँकेच्या मालकाकडे गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती बँकच बंद पडली. क्लब बुडण्याच्या बेतात आला.

तो बुडाला नाही याचे कारण त्याच्या प्रेक्षकांत आहे. शहराने २०११ साली नेमुनास नदीतील बेटावर नवे क्रीडागृह उभारले होते. त्याची आसने पंधरा हजारांहून अधिक. आणि शहराची वस्ती सुमारे तीन लाख! म्हणजे सामन्याच्या रात्री गावातला दर वीस माणसांमागे एक माणूस तेथे बसू शकतो. क्लबाच्या नव्या चालकांनी धनिकाची वाट पाहणे सोडले. हंगामाची तिकिटे, गावोगावचे लहानमोठे पुरस्कर्ते, सामने नसतील तेव्हा त्याच वास्तूत संगीताचे कार्यक्रम, अशी थेंबाथेंबाची जुळवाजुळव सुरू झाली. युरोपातील सर्वाधिक प्रेक्षक लाभणाऱ्या क्लबांत झाल्गिरिसची गणना होऊ लागली. काउनासमध्येच जन्मलेला शारूनास यासिकेविचुस परदेशांत कीर्ती मिळवून परतला, शेवटचा हंगाम येथे खेळला आणि २०१६ साली प्रशिक्षक झाला. त्याच्या संघाने २०१८ साली बेलग्रेड येथे युरोपात तिसरे स्थान मिळवले, आणि तेही मॉस्कोच्या त्याच जुन्या लष्करी क्लबाला हरवून. दोन वर्षांनी यासिकेविचुस बार्सेलोनाला गेला. पुढे २०२५ साली त्याने युरोपचे अजिंक्यपद जिंकून दिले ते इस्तंबूलच्या फेनेरबाह्चे क्लबाला. काउनासच्या पोटी आनंद आणि हळहळ एकाच वेळी उपजली असेल.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लिथुआनियाच्या साखळी स्पर्धेत सुमारे दहा क्लब खेळतात. परंतु १९९४ पासून २०२५ पर्यंतची सारी अजिंक्यपदे झाल्गिरिस आणि विल्निअसचा रितास या दोघांतच वाटली गेली. आणखी एक गोष्ट ध्यानी येते. जो समाज आपली सारी माया एकाच खेळावर ओततो, त्याच्या दुसऱ्या गुणांकडे डोळेझाक होण्याचा धोका असतो. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हा धोका चांगला ठाऊक असतो : सर्वांनी एकाच विषयात पहिले येण्याचा ध्यास घेतला की बाकीची पुस्तके कोरीच राहतात.

असे असूनही या क्लबापासून घेण्यासारखे काही आहे. साबोनिसने १९९४ साली काउनासमध्ये मुलांसाठी बास्केटबॉलची शाळा काढली. त्या वेळी तो स्वतः स्पेनमध्ये खेळत होता. २००३ साली, अमेरिकेतील कारकीर्द आटोपून, एकोणचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो झाल्गिरिसकडून खेळायला परत आला. गुडघे आणि टाचा शस्त्रक्रियांनी जर्जर झालेल्या. तरी त्या हंगामात युरोपच्या स्पर्धेतील साखळी फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. शाळकरी मुलांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला माणूस प्रत्यक्ष पाहिला. दुसरे उदाहरण पाउलियुस यांकूनासचे. तो २००३ साली या क्लबात आला आणि मधला अल्प काळ सोडला तर २०२२ साली निवृत्त होईपर्यंत येथेच राहिला. एकाने जाऊन परत येण्याची रीत घातली, दुसऱ्याने राहण्याची. क्लब या दोघांवर उभा आहे. जे कायमचे गेले त्यांच्याविषयी त्याच्या मनात कडवटपणा नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या हकीकतीतले काही ओळखीचे वाटेल. आपली शाळा, वाचनालय, गणेशोत्सवाचे मंडळ ही आपली लहान लहान क्रीडागृहेच आहेत. मुले मोठी होतात, पुण्यामुंबईला, परदेशी जातात, जावीतच. दार लावून कोणाला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. वर्गणी देणारा एखादा धनिक मिळाला की आपण निश्चिंत होतो, आणि तो गेला की वाचनालयाच्या दाराला कुलूप लागते. काउनासच्या लोकांनी २०१३ साली आपल्या क्लबाला कुलूप लागू दिले नाही, कारण हजारो घरांनी आपापले तिकीट विकत घेतले. त्यांत कोणाचाही वाटा मोठा नव्हता आणि एकाच्या जाण्याने कोसळेल असे काही उरले नव्हते.

गुणी मुले का जातात, हा प्रश्न लहान समाज नेहमी विचारतो. त्याचे उत्तर सोपे आहे आणि त्याने काही हाती लागत नाही. ती परत आली तर त्यांना पाय ठेवायला आपण काय राखून ठेवले आहे, हा प्रश्न अवघड आहे. हिरव्या वनाचे नाव धारण करणाऱ्या त्या क्लबाने त्याचे उत्तर दर हंगामात नव्याने द्यायचे ठरवले आहे. वनाची रीतही तीच आहे : जुनी झाडे वठतात, पण खाली रोपे धरलेली असली तर वन वनच राहते.