हाव नाही, कोड!

जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी गमावल्याची बातमी आली. टपरीवर निकाल तयारच होता, "हाव सुटली, दुसरं काय!"

काहून बाप्पा? ल्यूक क्लार्क या मानसशास्त्रज्ञाचा 2009 चा प्रयोग बघा. स्लॉट मशीनवर चित्र एका घराने हुकलं तर ती हारच. पण चित्र स्वतः निवडलेलं असलं की लोकांना तेव्हा आणखी खेळावंसं वाटायचं, आणि जिंकल्यावर जागे होणारे मेंदूचे काही भाग या हारीतही जागे व्हायचे! ऑनलाइन स्लॉटमध्ये हे 'थोडक्यात हुकणं' कसं नि किती दाखवायचं, ते डिझाइनवर ठरतं. म्हणजे लिहिणारा आपल्यातलाच कोणीतरी, राजेहो. क्यूबिकलमध्ये बसून.

अमेरिकी मानसोपचार संघटनेने 2013 मध्येच डीएसएम-5 काढताना जुगाराला आवेग न आवरण्याच्या विकारांतून उचलून दारूच्या व्यसनाच्या प्रकरणात टाकलं. आपण अजून "मनावर ताबा ठेवा" वरच अडकलोय.

2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. छानच. पण ज्याला आधीच लागलंय त्याचं काय? निम्हान्सचं शट क्लिनिक बंगळुरूत. प्रादेशिक मनोरुग्णालय तर नागपुरातच आहे, पण मोबाइलवर पैसे हरणाऱ्याला "तिथं दाखवून ये" म्हणणारा एक तरी नातेवाईक दाखवा मला!